सुपीरियर नॅशनल फॉरेस्ट: पक्षी बघायला आणि रानात राहायला जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मिनेसोटाच्या ईशान्य टोकाला, कॅनडाच्या सीमेला लागून हे जंगल पसरलंय. मिनिआपोलिस-सेंट पॉलकडची मराठी कुटुंबं, शिकागोहून गाडी घेऊन येणारे मित्र आणि मुलांकडे सुट्टीला आलेले आई-वडील यांच्याकडून तेच तेच प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केलेत. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. हे नॅशनल पार्कच ना? ताडोबासारखं गेट, जिप्सी, गाइड असं काही असतं का?

नाही. हे नॅशनल फॉरेस्ट आहे, आणि सगळा फरक इथूनच सुरू होतो. नॅशनल पार्क वेगळ्या खात्याकडे असतात. नॅशनल फॉरेस्ट अमेरिकेच्या कृषी खात्याखालची फॉरेस्ट सर्व्हिस सांभाळते. त्यामुळे इथे ठरावीक भागात लाकूडतोड चालते, हंगामात शिकार चालते, आणि लोक कॅनो (वल्ह्याची अरुंद नाव), मासेमारी, स्कीइंग, पक्षीनिरीक्षण सगळं एकाच जंगलात करतात. थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०९ साली हे जंगल राखीव केलं. हद्दीच्या आतलं क्षेत्र सुमारे ३९ लाख एकर आहे.

ताडोबात किंवा नागझिऱ्यात गाडीतून उतरायची परवानगी नसते. इथे उतरून चालणं हेच मुख्य काम. गेट नाही, वेळेचं बंधन नाही, सोबत वनरक्षक नाही. त्याच कारणाने चुकलात तर शोधायला लगेच कोणी येणार नाही, आणि घरट्याजवळ गेलात तर अडवायलाही कोणी नाही. खालच्या बहुतेक उत्तरांमागे हीच गोष्ट आहे. हद्दीच्या आत खासगी जमिनीही आहेत, त्यामुळे नकाशा सोबत हवाच.

२. तिकीट किंवा परवाना लागतो का?

जंगलात शिरायला तिकीट नाही. रस्त्याकडेला गाडी लावून पायवाटेने फिरायला काही लागत नाही. सोयी असलेल्या कॅम्पग्राउंडचं भाडं असतं.

वेगळे नियम आहेत ते बाउंडरी वॉटर्स या भागाला. जंगलाच्या आतला सुमारे ११ लाख एकरांचा, शेकडो तळ्यांचा हा पट्टा १९६४च्या वाइल्डरनेस कायद्याखाली येतो. १९७८ साली त्याच्यासाठी स्वतंत्र कायदाही झाला. तिथे १ मे ते ३० सप्टेंबर या काळात रात्री मुक्काम करायचा असेल तर आधी आरक्षण करावं लागतं. प्रत्येक प्रवेशस्थानाचा रोजचा कोटा ठरलेला असतो आणि चांगल्या जागांचा तो लवकर संपतो. शुल्क माणशी आणि सहलीमागे असतं, रात्रीगणिक नाही. फक्त दिवसभर वल्हवून किंवा चालून परत येणार असाल तर प्रवेशस्थानाच्या पेटीतला फुकट फॉर्म स्वतः भरायचा आणि सोबत ठेवायचा. पाच मिनिटांचं काम आहे, पण बरेच जण विसरतात.

३. कधी यावं?

गाणारे पक्षी हवे असतील तर मे महिन्याचा शेवट आणि जूनचा पहिला पंधरवडा. वॉर्बलर या छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांच्या कुळातल्या वीसहून जास्त जाती इथे घरटी करतात, आणि नर पहाटेपासून गात असतात. जूनमध्ये सूर्य पाचच्या सुमारास उगवतो, म्हणजे साडेचारला बाहेर पडायला हवं. जुलै निम्मा सरला की आवाज झपाट्याने कमी होतो. पक्षी तिथेच असतात, पण पानांत शोधावे लागतात.

ऑगस्टमध्ये ब्लूबेरी असते आणि डास कमी होतात. कॅम्पिंगला माझ्या मते हाच सगळ्यात सुखाचा महिना. सप्टेंबरच्या मध्याला शिकारी पक्ष्यांचं स्थलांतर (प्रश्न ७), हिवाळ्यात घुबडं (प्रश्न १२). एप्रिल आणि नोव्हेंबर मात्र नवख्याने टाळावेत. धड बर्फ नाही, धड पाणी नाही, आणि तळ्यावरचा पातळ बर्फ जिवावर बेततो.

४. इथे असं काय दिसतं जे शिकागो-मिनिआपोलिसच्या बागेत दिसत नाही?

स्प्रूस, फर आणि टॅमरॅक या सूचिपर्णी झाडांच्या थंड, दलदली रानातले, म्हणजेच बोरिअल पक्षी. स्प्रूस ग्राऊज हा कोंबडीएवढा पक्षी हिवाळाभर सूचिपर्णी झाडांच्या सुया खाऊन जगतो. कॅनडा जे हा कावळ्याच्या कुळातला, राखाडी आणि धीट. तो चिकट लाळेने खाऊचे गोळे करून सालींच्या फटीत चिकटवून ठेवतो, आणि त्या साठ्याच्या जोरावर बर्फ असतानाच, फेब्रुवारी-मार्चमध्ये, घरटं बांधतो. बोरिअल चिकडी, ब्लॅक-बॅक्ड वुडपेकर (प्रश्न १४), ग्रेट ग्रे आउल हे बाकीचे. तळ्यांवर लून, बुड्या मारणारा पाणपक्षी आणि मिनेसोटाचा राज्यपक्षी (प्रश्न १५). बाल्ड ईगल तर इतके आहेत की दुसऱ्या दिवशी मुलं त्यांच्याकडे बघतही नाहीत.

५. नेमकं कुठे जाऊ? जंगल एवढं मोठं आहे.

एका सहलीत एकच बाजू धरा. मिनिआपोलिसहून डुलूथ साधारण अडीच तास, ईली चार, ग्रँड मरे साडेचार. ग्रँड मरेहून निघणारा गनफ्लिंट ट्रेल हा ५७ मैलांचा डांबरी रस्ता आहे. नाव ट्रेल असलं तरी गाडीने जायचं. त्याला फुटणारे कच्चे रस्ते आणि छोट्या पायवाटा पहिल्यांदा येणाऱ्याला उत्तम. ईलीकडून एको ट्रेल आणि स्प्रूस रोड. आयझाबेला गावाच्या आसपासचे, लेक काउंटीच्या हायवे २ कडचे रस्ते बोरिअल पक्ष्यांसाठी नावाजलेले आहेत.

स्प्रूस ग्राऊजची युक्ती अशी: हिवाळ्यात आणि शरद ऋतूत उजाडताना ते खडी टिपायला रस्त्यावर उतरतात. गाडी ताशी २० मैलांवर ठेवा आणि कडेची काळी ढेकळं बघत जा. ढेकूळ हललं तर तोच. उजाडून तासभर झाला की तो झाडीत जातो आणि मग चार हातांवर बसला असला तरी दिसत नाही.

गाडी कोणत्या कच्च्या रस्त्यावर चालते हे मोटर व्हेइकल यूज मॅप या फुकट नकाशात असतं. तो आधीच फोनवर उतरवून घ्या. आत बहुतेक ठिकाणी नेटवर्क नाही.

६. दुर्बीण कोणती? आणि आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सुचवणाऱ्या मर्लिन ॲपवर किती विसंबायचं?

८×४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढची काच ४२ मिलिमीटरची. त्याहून जास्त मोठं दाखवणारी घेऊ नका. दाट झाडीत उजेड कमी असतो आणि लहान पक्षी सारखा हलतो, तिथे रुंद आणि उजळ दृश्य जास्त कामाचं. हिवाळ्यात दुर्बीण आणि कॅमेरा उबदार घरात नेण्याआधी बाहेरच पिशवीत बंद करा आणि आत तासभर तसेच ठेवा, नाहीतर काचांवर दव धरतं.

मर्लिन आवाज ओळखायला शिकवतं, पण त्याने सांगितलं म्हणून नोंद करू नका. ब्लू जे हा पक्षी ससाण्या-बाजांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो आणि ॲप फसतं. नाव सुचलं की पक्षी डोळ्यांनी शोधा.

७. आई-बाबा भारतातून आलेत. गुडघे दुखतात, जास्त चालवत नाही. त्यांना काय दाखवता येईल?

भरपूर. सप्टेंबरचा मध्य असेल तर वाटेत डुलूथला हॉक रिज गाठा. ही जागा जंगलाच्या बाहेर, शहराच्या कडेला आहे. उत्तरेकडून येणारे शिकारी पक्षी लेक सुपीरियर ओलांडायला नाखूश असतात, कारण गार पाण्यावर त्यांना वर उचलणारी गरम हवा मिळत नाही. मग ते काठाकाठाने खाली सरकतात आणि डुलूथच्या टेकडीवर सगळे एकत्र येतात. अनुकूल वारा असेल त्या दिवशी ब्रॉड-विंग्ड हॉक हजारोंनी घिरट्या घालत जातात. रस्त्याच्या कडेला घडीची खुर्ची टाकून बसायचं आणि मान वर करायची.

ईलीजवळचं फॉल लेक कॅम्पग्राउंड सोयीचं आहे. गाडी तळ्यापर्यंत जाते आणि संध्याकाळी लूनचा आवाज बसल्या जागी ऐकू येतो. ईलीतल्या इंटरनॅशनल वुल्फ सेंटरमध्ये लांडगे काचेपलीकडून बघता येतात. एक सूचना: लेक सुपीरियरच्या काठावर जूनमध्येही स्वेटर लागतो. पुण्याहून आलेल्यांना हे पटत नाही, म्हणून बॅगेत तुम्हीच टाका.

८. डास आणि गोचिडींचं काय?

मेअखेर ते जून काळ्या माश्या, जून-जुलै डास. फिक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, पँट मोज्यात खोचलेली, डोक्यावर जाळी आणि उघड्या कातडीला डीट हे कीटक दूर ठेवणारं औषध. कपड्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक आदल्या दिवशी फवारून वाळवा. घरी मांजर असेल तर ओल्या फवाऱ्यापासून लांब ठेवा, तिला ते विषारी आहे.

जास्त काळजी गोचिडीची. काळ्या पायांची गोचीड लाइम रोग पसरवते, आणि तिची पिल्लं खसखशीएवढी असतात. रोज रात्री काखा, जांघा, गुडघ्यामागे, कानामागे आणि मुलांच्या केसांत तपासा. दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल, काडेपेटी वगैरे नको. पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा वाढत जाणारा लाल चट्टा आला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा.

९. अस्वल आलं तर? लांडगे, मूस?

इथे फक्त काळं अस्वल आहे, ग्रिझली नाही. ते आपल्या अस्वलांपेक्षा बरंच भित्रं. भांडी वाजवा, ओरडा, पळू नका. खरा प्रश्न अन्नाच्या वासाचा आहे. बाउंडरी वॉटर्समध्ये अन्न अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात, किंवा जमिनीपासून १२ फूट उंच आणि खोडापासून ६ फूट लांब टांगून ठेवावं लागतं. टूथपेस्ट, साबण आणि मसालेही त्यातच. तंबूत फराळाचा डबा कधीही नको.

लांडगे ऐकू येतील, दिसणं भाग्याचं. मूस या अवाढव्य हरणाची संख्या २००६च्या तुलनेत निम्म्याहूनही खाली आलीय. दिसलाच तर गाडीतूनच बघा. पिल्लासोबतची मादी अस्वलापेक्षा जास्त धोक्याची.

१०. लोणच्याची बरणी, डब्यातले छोले, थेपले नेता येतील?

थेपले खुशाल. बाउंडरी वॉटर्सच्या आत काचेच्या बाटल्या आणि पत्र्याचे डबाबंद पदार्थ यांना बंदी आहे. लोणचं, तूप, चटणी घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यांत भरा. पुन्हा पुन्हा वापरायचा स्टीलचा डबा चालतो. औषधं आणि डासांचं औषध मूळ बाटलीत चालतं. सगळा कचरा परत आणायचा. भांडी तळ्यात घासू नका. पाणी भरून काठापासून दोनशे फूट आत न्या. तळ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी उकळून किंवा फिल्टरने गाळून प्या, त्यात जिआर्डिया हा पोट बिघडवणारा परजीवी असतो.

चूल फक्त लोखंडी जाळीच्या ठरवलेल्या जागी, तीही आगबंदी नसेल तेव्हाच. लाकूड घरून आणू नका. त्यातून झाडं मारणारी कीड जंगलात येते.

११. आम्ही पंधरा जण आहोत. सगळे एकत्र जाऊ शकतो का?

बाउंडरी वॉटर्समध्ये नाही. एका गटात जास्तीत जास्त ९ माणसं आणि ४ नावा. दोन परवाने काढून आत जेवायला एकत्र आलो तर चालेल का, असं पुढे हमखास विचारलं जातं. तेही चालत नाही. तळ्यावर, मुक्कामाच्या जागी किंवा नाव खांद्यावर घेऊन जायच्या वाटेवर, कुठेही कधीही नऊपेक्षा जास्त जण एकत्र नकोत. मोठ्या मित्रमंडळाने बाहेरचं कॅम्पग्राउंड धरावं. आणि स्पीकर घरी ठेवा. पाण्यावरून आवाज मैलभर जातो आणि पलीकडच्या काठावरचा माणूस शांततेसाठीच आलेला असतो.

१२. हिवाळ्यात घुबडं बघायला यायचंय. कशी दिसतात?

ग्रेट ग्रे आउल उजाडताना आणि मावळतीला रस्त्याकडेच्या खांबावर किंवा दलदलीच्या कडेच्या झाडावर बसतं. त्याचा थाळीसारखा चेहरा आवाज गोळा करतो. बर्फाखाली पळणारा उंदरासारखा व्होल ते न बघता, नुसतं ऐकून पकडतं आणि पंजे पुढे करून बर्फात घुसतं. कॅनडात व्होल कमी पडले की घुबडं दक्षिणेला लोटतात. २००४-०५च्या हिवाळ्यात मिनेसोटात ती हजारोंनी आली होती. दर वर्षी तसं होत नाही. डुलूथच्या वायव्येला असलेली सॅक्स-झिम ही दलदल त्यासाठी सगळ्यात प्रसिद्ध. ती या जंगलाच्या बाहेर आहे आणि तिथे बरीच जमीन खासगी आहे, तेव्हा रस्त्यावरूनच बघा.

पारा उणे ३० सेल्सिअसपर्यंत उतरू शकतो. गाडीत टाकी भरलेली, ब्लँकेट, फावडं, खाणं, पाणी. कुठे चाललोय आणि कधी परतणार हे घरी सांगून निघा. आणि घुबड दिसलं म्हणून रस्त्याच्या मधे गाडी थांबवू नका. अशा घुबडांचे जीव गाड्यांखालीच जास्त जातात.

१३. फोनवर आवाज वाजवून पक्षी बोलावला तर काय बिघडतं? आणि काही जण घुबडाला उंदीर टाकतात, ते?

जूनमध्ये नर स्वतःची हद्द राखत असतो. रेकॉर्डिंग ऐकून तो परका नर शोधत येतो. तेवढा वेळ तो खात नाही आणि पिल्लांना भरवत नाही. तुम्ही एकदाच वाजवता, पण त्याच वळणावर दिवसभरात आणखी दहा जण येतात. या जंगलात शांत उभं राहिलं तर वीस मिनिटांत बहुतेक पक्षी आपणहून जवळ येतात. तेवढा धीर नसेल तर छायाचित्र राहू द्या.

उंदीर टाकणं त्याहून वाईट. घुबड माणसाकडे आणि गाड्यांकडे खाऊ म्हणून बघायला लागतं, आणि त्याचा शेवट प्रश्न १२च्या अखेरच्या ओळीसारखा होतो. घुबडाची नेमकी जागा त्याच दिवशी सगळ्यांना कळवू नका. कॅनडा जेला हातावर शेंगदाणे देणंही मी टाळायला सांगतो. तो स्वतःची सोय उत्तम करतो.

१४. जळालेल्या जंगलात पक्षी बघायला जा असं सांगतात. तिथे काय मिळणार?

ब्लॅक-बॅक्ड वुडपेकर! आगीनंतर मेलेल्या सूचिपर्णी झाडांत लाकूड पोखरणारे भुंगे अंडी घालतात, आणि त्यांच्या अळ्यांवर हा सुतार पक्षी तुटून पडतो. त्याची पाठ कोळशासारखी काळी. जळक्या खोडावर तो हलल्याशिवाय दिसत नाही. म्हणून जमिनीकडे बघा. जळकी साल चोचीने उचकटून तो खाली टाकतो, आणि बुंध्याशी तिच्या खपल्यांचा ताजा ढीग असतो. वरचं खोड तेवढ्या पट्ट्यात तांबूस उघडं पडलेलं असतं. तिथे गप्प उभे राहा. हळू, खोल ठकठक ऐकू येईल. नराच्या डोक्यावर पिवळा ठिपका असतो आणि पायाला बोटं तीनच.

हा मेवा आगीनंतर पहिली काही वर्षंच टिकतो. २०११ची पगामी क्रीकची आग ९० हजार एकरांहून मोठी होती, तिथे आता तरुण झाडी उभी आहे. २०२१ साली ग्रीनवूडची आग आयझाबेलाच्या बाजूला लागली होती. जुन्या जळक्या भागात वाऱ्याच्या दिवशी शिरू नका, उभी मेलेली झाडं न सांगता कोसळतात. तंबू तर तिथे मुळीच नको.

१५. लूनच्या किती जवळ जावं? तो ओरडला तर खूष आहे असं समजायचं का?

रात्री दूरवरून येणारा लांब हुंकार म्हणजे एकमेकांना दिलेली हाक. पण तुमची नाव जवळ असताना तो थरथरत्या, हसल्यासारख्या आवाजात ओरडला तर तो घाबरलेला आहे. लगेच मागे फिरा. पाण्यावर उभा राहून पंख आपटायला लागला तर तुम्ही फारच जवळ गेलात.

लूनचे पाय शरीराच्या पार मागे असतात; तो बुडी मारण्यात पटाईत, पण जमिनीवर धड चालू शकत नाही. म्हणून घरटं अगदी पाण्याच्या काठाला लागून असतं आणि मोटरबोटीच्या लाटेनेही अंडी वाहून जातात. मे-जूनमध्ये काठावर मान खाली घालून पसरलेला लून दिसला तर तो आजारी नाही, अंड्यांवर बसलाय. त्याला दुर्बिणीतून बघा. गळाला शिशाची वजनं लावू नका. गिळली गेली तर लूनला विषबाधा होते.

१६. शिकारीच्या हंगामात पायी फिरणं सुरक्षित आहे का?

आहे, भडक नारिंगी जाकीट आणि टोपी घातली तर. ग्राऊजची शिकार सप्टेंबरच्या मध्यापासून सुरू होते. हरणांची बंदुकीची शिकार नोव्हेंबरच्या सुरुवातीला, सुमारे दोन आठवडे. तेवढे दिवस पायवाटा सोडून झाडीत शिरू नका. तपकिरी कपडे आणि पांढरा रुमाल टाळा, हरणाची शेपटी पांढरी असते.

१७. मुलीला पडलेलं पीस सापडलं. घरी नेलं तर चालेल ना?

नाही. १९१८च्या स्थलांतरित पक्षी कायद्यानुसार इथल्या बहुतेक देशी पक्ष्यांचं पीस, घरटं किंवा अंडं जवळ बाळगणं गुन्हा आहे, ते आपोआप गळून पडलेलं असलं तरी. पीस गळालेलं की मारून काढलेलं हे सिद्ध करता येत नाही, म्हणून कायदा सरसकट आहे. गरुडाच्या पिसांसाठी १९४०चा आणखी कडक कायदा आहे. मान्यताप्राप्त आदिवासी समाजांच्या सदस्यांना धार्मिक वापरासाठी वेगळी तरतूद आहे. कबूतर, स्टार्लिंग आणि घरचिमणी हे बाहेरून आणलेले पक्षी या कायद्यात येत नाहीत. मुलीला पिसाचा फोटो काढू द्या, लांबी मोजू द्या, वहीत चित्र काढू द्या.

ब्लूबेरी आणि रासबेरी घरापुरत्या तोडायला हरकत नाही. तळ्यांत उगवणारा वाइल्ड राइस (रानटी तांदूळ) मात्र परवान्याशिवाय काढू नका. हे इथल्या मूळ रहिवासी ओजिब्वे लोकांचं पूर्वापार अन्न आहे, आणि १८५४च्या करारानुसार या भागात शिकार, मासेमारी आणि रानातलं अन्न गोळा करण्याचे त्यांचे हक्क आजही लागू आहेत.

१८. ड्रोन उडवता येईल?

बाउंडरी वॉटर्समधून उडवायचा किंवा तिथे उतरवायचा नाही. बाकीच्या जंगलात विमान वाहतुकीचे नियम पाळून शक्य आहे. तरीही घरट्यांच्या काळात उडवू नका. गरुड त्याला शत्रू समजून घरटं सोडतात.

१९. आम्ही एच-वन व्हिसावर आहोत. वल्हवताना चुकून कॅनडात गेलो तर?

हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा गंभीर आहे. सीमारेषा काही तळ्यांच्या मधोमध जाते, खूण कुठेच नसते, आणि पलीकडचा काठ ऑन्टारिओच्या क्वेटिको उद्यानाचा असतो. १८४२च्या करारानुसार सीमेवरचे नेहमीचे जलमार्ग आणि नाव उचलून नेण्याच्या वाटा दोन्ही देशांच्या नागरिकांना खुल्या आहेत. भारतीय पासपोर्टधारक त्या शब्दांत बसत नाहीत. पलीकडे पाय ठेवलात तर तुमच्यासाठी तो कॅनडाचा प्रवेश आहे, आणि परत येणं हा अमेरिकेचा नवा प्रवेश.

म्हणून सीमेवरची तळी सोडा आणि आतलं प्रवेशस्थान निवडा. सॉबिल लेक, ब्रूल लेक आणि लेक वन ही तिन्ही आत आहेत, आणि पक्ष्यांच्या बाबतीत सीमेवरच्या तळ्यांपेक्षा कुठेही कमी नाहीत. पासपोर्ट आणि आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) पाणी न शिरणाऱ्या पिशवीत सोबत ठेवा. पालक पर्यटक व्हिसावर असतील तर त्यांचेही.